शंभरातून सात वजा करताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती पुन्हा लंगडत आली, तेव्हा सोबत आई होती. "ताई, चालताना हिचं लक्षच नसतं बघा." मुलगी २१ वर्षांची, सीएची आर्टिकलशिप करणारी. उजवा घोटा, बाहेरची बाजू, तीच जुनी जागा. तीन महिन्यांपूर्वी 'आता बरी आहेस' म्हणून तिला मीच घरी पाठवलं होतं. ते मनाला फार लागलं.

सूज आणि दुखणं गेल्यावर तोल तपासायला घेतला. उजव्या पायावर ३० सेकंद, न डगमगता. जुन्या कागदावरही हेच लिहिलेलं होतं. मग पाय मुरगळतो कसा?

"त्या दिवशी जिन्यात काय करत होतीस?"

"सरांनी विचारलेला हिशेबातला फरक मनात काढत होते. फोन पर्समध्ये होता, मॅडम. मी पायऱ्यांकडेच बघत होते."

आईचं बोलणं एका अर्थी खरं होतं, पण त्यात मुलीचा दोष नव्हता. मी तिला पुन्हा एका पायावर उभं केलं आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ९३, ८६, ७९... ७२ला हात पसरले, पाय जमिनीवर. जेमतेम ११ सेकंद! बोलण्यानेही शरीर थोडं हलतं, म्हणून पुढच्या खेपेला हिशेब मनातच करून शेवटचा आकडा तेवढा सांगायला लावला. तरी तेच. दोन दिवसांनी सकाळी, ती ताजीतवानी असताना पुन्हा पाहिलं. तेव्हाही तेच.

मग सहज दोनाचा पाढा म्हणायला लावला, आणि मी चकित झाले. गप्प उभी असताना तिचा घोटा जेवढा थरथरत होता, तेवढाही आता थरथरत नव्हता.

आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं, पण शरीर सतत किंचित झुलत असतं. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव या तिघांकडून मेंदूला खबर मिळते आणि स्नायू तोल सावरत राहतात. निरोगी तरुण माणसात हे बहुतेक आपोआप चालतं. मुद्दाम पायाकडे लक्ष दिलं की उलट त्यात ढवळाढवळ होते. दोनाच्या पाढ्याने तिचं मन पायावरून निघालं आणि पाय आपलं काम करू लागला. घोटा मुरगळल्यावर मात्र सांध्याकडून येणारी खबर अंधूक होते, ती उणीव मेंदूला लक्ष देऊन भरून काढावी लागते. अवघड वजाबाकी तेच लक्ष पुरतं ओढून घेते, सोपा पाढा तेवढं ओढत नाही.

१९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांबद्दल मांडलं होतं, की बोलायला लागताच जे चालता चालता थांबतात, त्यांना पुढे पडण्याचा धोका जास्त असतो. हे मी कॉलेजात शिकले होते आणि म्हाताऱ्यांच्या खात्यात टाकून दिलं होतं. शिवाय माझी तपासणीची खोली शांत. पेशंट उभा असताना मी कुणाला बोलूही देत नसे. त्या शांततेत मिळालेल्या ३० सेकंदांवर विसंबून मी एका मुलीला बडोद्याच्या रस्त्यांवर सोडलं होतं.

पुढचे पाच आठवडे आम्ही फोमच्या गादीवर काम केलं. आधी नुसतं उभं राहणं, मग चेंडू झेलणं, मग चेंडू झेलता झेलता वजाबाकी. तिला राग यायचा, कधी डोळ्यांत पाणीही. "आकडे तर माझं रोजचं काम आहे," म्हणायची. मी म्हणायचे, "म्हणूनच तर."

शेवटच्या दिवशी तिला खोलीत तपासलं नाही. दवाखान्याच्या जिन्यावर नेलं आणि सतराचा पाढा म्हणत उतरायला सांगितलं. आई खाली उभी होती, हात अर्धे पुढे करून. 'सतरा चोक अडुसष्ट'ला ती वळणावर पोचली. कठड्याला तिचा हात लागला नाही.