निळ्या झाकणाची ट्यूब

रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी लॅबमध्ये येणारी निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसली की मी ती परत पाठवते. वॉर्डातल्या सिस्टर त्यावरून माझ्यावर कायम चिडलेल्या असतात. चिडू देत. ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं 0.3 मिली सायट्रेट असतं, त्याला 2.7 मिली रक्त हवं. रक्त कमी पडलं की सायट्रेट वरचढ होतं, पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटाच लांबतो आणि धडधाकट माणसाचं रक्त पातळ ठरतं.

त्या दिवशीची ट्यूब मात्र खुणेला टेकलेली होती. ऑक्टोबर, द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. दिंडोरीकडचे साठीला आलेले बागायतदार, डावी पोटरी सुजलेली, डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, खोल शिरेत गुठळी. फॉर्मवर त्याचंच नाव, नुसतं 'डीव्हीटी'. हिस्टरीचा रकाना नेहमीप्रमाणे कोरा. पीटी नॉर्मल. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात सुटणारे तुकडे, मशीनच्या आवाक्याबाहेर गेला. नमुना पातळ करून पुन्हा लावला तर वीस हजारांच्या वर. आमच्याकडे पाचशेच्या आत नॉर्मल धरतात. गुठळीचा कच्चा माल असलेलं फायब्रिनोजेन 640, असायला हवं 200 ते 400. प्लेटलेट 4 लाख 70 हजार.

पायात गुठळी असली की डी-डायमर वाढणारच. पण इतका? मी वॉर्डात गेले. पॅथॉलॉजिस्ट खालून वर आला की आमच्याकडे लोक दचकतात. त्या बागायतदार बाबांचा उजवा हात हातात घेतला. कोपराच्या वर कातडीखाली एक शीर लाल, दुखरी आणि दोरीसारखी कडक.

"ही कधीपासून?"

"जूनमधी पायाला व्हती ना, मॅडम, उजव्या. ती गेली, मंग हिकडं आली. फवारणीच्या पंपाचा पट्टा घासतो."

जागा बदलत फिरणारी शिरेची सूज. पॅरिसच्या ट्रूसो नावाच्या डॉक्टरनं 1865 मध्ये व्याख्यानात सांगितलं होतं की अशा पेशंटमध्ये लपलेला कॅन्सर शोधा. दोन वर्षांनी तीच सूज त्याला स्वतःच्या हातावर दिसली. त्याच वर्षी तो पोटाच्या कॅन्सरनं गेला. हे सगळेच व्हायव्हापुरतं, म्हणजे तोंडी परीक्षेपुरतं, पाठ करतात.

रिपोर्टखाली 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा, लिहिलं की आमची जबाबदारी संपते. मी तसं न लिहिता बाबांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, छाटणीत दिवसभर उभी असतात ही माणसं. थिनर सुरू केलंय."

"सर, पोटाचा सीटी करा."

खर्चाचं निघालं, सुट्टीनंतर बघू म्हणून झालं. डॉक्टर चांगले आहेत, पण फोनवरच्या पॅथॉलॉजिस्टचं ऐकायची सवय नाही. शेवटी सीटी झाला. स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ, यकृतात ठिपके.

नंतर बाबांचा मुलगा फाइल घेऊन आला. त्यात जूनचा एक रिपोर्ट होता, दुसऱ्याच लॅबचा: प्लेटलेट 4 लाख 20 हजार, किंचित वाढलेल्या. आकडा ठळक छापलेला, खाली तेच 'कोरिलेट करा'.

त्याला गुठळी आणि गाठ यांचा संबंध कळेना. मी सांगितलं तो असा. स्वादुपिंडाच्या या पेशी अंगावर टिश्यू फॅक्टर मिरवतात. जखम झाल्यावर रक्त गोठवायची सुरुवात करणारं हे प्रोटीन; त्याचे कण त्या रक्तातही सोडतात. त्यामुळे जखम नसताना थ्रॉम्बिन, रक्त गोठवणारं एन्झाइम, तयार होत राहतं. ते फायब्रिनोजेनचं फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, करतं, आणि कॅन्सरच्या पेशीवरच्या रिसेप्टरलाही जाऊन चिकटतं, तिला पसरायला चेतवतं. रक्तात सुटलेल्या पेशीभोवती प्लेटलेट आणि फायब्रिनचं कवच बसलं की शरीराच्या मारेकरी पेशींना ती सहज सापडत नाही. फायब्रिनोजेन नसलेल्या उंदरांमध्ये कॅन्सर फुफ्फुसात कमी पसरतो.

तो एम.एससी. ॲग्री. उंदरांपाशीच थांबला.

"म्हणजे जूनमध्येच रक्त पातळ केलं असतं, तर यकृतात गेलं नसतं?"

कॅन्सरच्या पेशंटमध्ये रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्यांपेक्षा डाल्टेपॅरिन या हेपॅरिनच्या प्रकारातल्या इंजेक्शननं पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण सहा महिन्यांत 17 वरून 9 टक्क्यांवर येतं, हे 2003 पासून माहीत आहे. पण तो हिशेब गुठळ्यांचा. हेपॅरिन दिल्यानं कॅन्सरचे पेशंट जास्त जगतात, असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. उंदरांमध्ये जमलेलं माणसांत जमत नाही, असं म्हणून मी मोकळी होऊ शकले असते. पण जूनमधली ती शीर म्हणजे गाठीच्या कामाचा नुसता धूर होता की कामाचाच भाग, हे सीटीत दिसत नाही.

मी त्याला "नाही" म्हटलं. जूनच्या आधीच ते यकृतात पोचलेलं असावं, बहुधा. 'बहुधा' मात्र त्याच्यासमोर गाळला. त्यानं फाइल बंद केली आणि इंजेक्शन घरी कोण देणार ते विचारलं.