तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा लढाईच्या गोष्टी सांगायचे का?

बाबा १९६५च्या आणि १९७१च्या, दोन्ही लढायांत होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग घरी गोष्टी सांगायचे का लढाईच्या?" गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारात भेटणारी माणसं विचारतात, मुलीच्या मैत्रिणी विचारतात. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी हेच विचारलं. हो, सांगायचे. भरपूर सांगायचे. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंदूक असते आणि बाबांच्या गोष्टीत पाना असायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ईएमईत होते. फौजेच्या गाड्या, तोफा, टँक चालू ठेवायचं काम या कोअरकडे असतं. व्हेइकल मेकॅनिक म्हणून भरती झाले, सुभेदार होऊन निवृत्त झाले. आमचं घर बडोद्यातल्या रावपुऱ्यातलं, पणजोबांपासून गायकवाडी नोकरीतलं. शेवटचं पोस्टिंग इथल्याच ईएमई स्कूलमध्ये मिळालं तेव्हा आजी दक्षिणामूर्तीला जाऊन पेढे ठेवून आली. स्कूलच्या आवारातलं ते अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचं देऊळ. कळस आपला, घुमट मशिदीसारखा, मनोरा चर्चसारखा. १९६६ सालचं आहे. बाबा तिथे उस्ताद होते, आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, मशीन बोलतं, तुम्ही आधी ऐकायला शिका.

सप्टेंबर १९६५ मध्ये ते पंजाबातल्या खेमकरण भागात होते. असल उत्तरची लढाई बहुतेकांना शाळेतल्या धड्यासारखी माहीत असते. पाकिस्तानचे पॅटन टँक उसाच्या शेतांत शिरले, आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी सोडून ती शेतं आधीच चिखल करून ठेवली होती, अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेने टँक फोडले आणि १० सप्टेंबरला ते स्वतः गेले. पाकिस्तानचे ९७ टँक तिथे निकामी झाले किंवा हाती लागले. बाबांची गोष्ट इथून पुढे सुरू व्हायची. एवढं लोखंड त्या चिखलातून बाहेर कोण काढणार? रिकव्हरीवाले. पॅटन पोटापर्यंत रुतलेला, ट्रॅकपुढची माती फावड्याने काढायची, खाली लाकडाचे ओंडके सरकवायचे, मग विंचची तार बांधायची. तार ताणली गेली की तिच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही, कारण तुटली तर माणूस कापून काढते. हे सांगताना आमच्या बैठकीच्या खोलीतही ते आम्हाला हाताने मागे सारायचे. भिखीविंडला त्या पॅटनांची रांगच्या रांग उभी केली होती, पॅटननगर म्हणायचे त्याला. त्यातले काही आपण ओढलेले आहेत, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता.

तेव्हा इकडे घरात काय चाललं होतं, ते आजीकडून ऐकलंय. १९ सप्टेंबरला कच्छमध्ये गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचं विमान पाकिस्तानने पाडलं. ती बातमी कळल्यापासून आजीने रेडिओच बंद करून ठेवला. मुलाची खबर ऐकायची ती पोस्टमनच्या तोंडून, असं तिने ठरवलं. युद्धबंदी झाल्यावर कधीतरी ५६ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, शिक्का असलेलं कार्ड आलं. त्यात फक्त प्रकृती ठीक असल्याचं आणि हिंगाची डबी पाठवण्याचं होतं.

१९७१ला बाबा पाकिस्तानातल्या शकरगढच्या बाजूला होते. बसंतर नदीच्या अलीकडे पलीकडे सुरुंग पेरलेले. सुरुंगाने टँकचा ट्रॅक उडतो, बोगी व्हील उडतं, बाकी टँक धड असतो. तो सकाळच्या आत उभा करायचा. ताडपत्रीखाली शिरायचं, टॉर्चला फडकं गुंडाळायचं, डिसेंबरच्या थंडीत नट हाताला चिकटायचे. "दिवसा टँक त्यांचा, रात्री आमचा," असं ते टँक चालवणाऱ्यांबद्दल म्हणायचे. याच लढाईत टँकवर लढणारे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला गेले, २१ वर्षांचे होते. त्यांचं नाव निघालं की बाबा खुर्चीत सरळ होऊन बसायचे. मला मात्र नेहमी वाटत आलंय की त्या मोठ्या नावांच्या मागे हे रात्रभर काम करणारे हात होते, आणि त्यांची आपण कुणीच चौकशी करत नाही. लढाई म्हटलं की आपल्याला गोळी झाडणारा तेवढा दिसतो. माझा हा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

एक गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना कधीच सांगितली नाही. आईला सांगितली होती, आणि मला तिच्याकडून कळली. गोळा लागलेला टँक मागे ओढून आणला की दुरुस्तीआधी तो आतून साफ करावा लागतो. आत माणसं असायची. त्यांना बाहेर काढायचं काम अनेकदा याच लोकांवर यायचं. खिशातली पत्रं, फोटो, घड्याळ वेगळ्या पिशवीत ठेवायचं, पत्र कुणी उघडायचं नाही, आणि मग पाणी आणून आतला भाग धुवायचा. त्याच टँकमध्ये दुसऱ्या दिवशी दुसरी पोरं बसणार असायची.

हे कळल्यावर बाबांच्या हात धुण्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा चोळायचा, मग साबण, मग नखं एकेक करून. गल्लीतली स्कूटर दुरुस्त केली तरी इतकंच. त्याशिवाय ते आमच्या अंगाला हात लावत नसत, ताटावर बसत नसत.

आणि घरी ते कसे होते, हे कुणी विचारत नाही, पण माझ्याकडे सांगण्यासारखं जास्त तेच आहे. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ते निवृत्त झालेले होते. न्हाणीघराच्या भिंतीत तिच्या हाताच्या उंचीवर पाइपचे दांडे स्वतः बसवले, आधी स्वतः त्यांना लोंबकळून बघितलं. व्हीलचेअर करकरायची म्हणून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग कुठलं गेलंय ते शोधलं. वेणी घालायला मोलकरणीकडून शिकले. पहिले काही दिवस आई आरशात बघून हसायची, नंतर तिला दुसऱ्या कुणाच्या हातची वेणी चालेना. रविवारी सेव-उसळ आणायचे, तिच्या वाटीतली तर्री स्वतःच्या वाटीत ओतून घ्यायचे आणि मग तिला भरवायचे. फौजेतली नोकरी म्हणजे लग्नानंतरची निम्मी वर्षं ती एकटीच होती. "ती सुट्टी आता घेतोय," एवढंच म्हणायचे.

निवृत्त जवानांच्या बायकांची कामंही त्यांनी पुष्कळ केली. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, पण डिस्चार्ज बुकात कधी माहेरचं नाव राहून गेलेलं असतं, आणि नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन तिथेच अडकते. बाबांनी आईचं नाव स्वतःच्या हयातीत, ती आजारी पडायच्या कितीतरी आधी, सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून दुरुस्त करून घेतलं होतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली की त्यांच्या नंबरवर अजून फोन येतात, ते आता मी घेते. तुमच्या ओळखीत कुणी माजी सैनिक असतील तर त्यांना आजच सांगा: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि पत्नीचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हीवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा.