गिरगावातील आमची गोधडी
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गिरगावातील आमच्या शिवण-मंडळाचे एकत्र बसणे थांबले, तरी गोधडीचे काम थांबले नाही. प्रत्येकीने घरातील जुन्या सुती साड्यांचे ठरलेल्या मापाचे चौकोन शिवायचे आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर रंगसंगती ठरवायची, असा क्रम लागला. नऊवारीचे सूत धुऊन धुऊन मऊ झालेले असते, त्यामुळे सुई सहज जाते. सिंथेटिक कापड मात्र घसरते, म्हणून ते मला गोधडीत मुळीच नको वाटते. कापडाचे थर धावदोऱ्याने धरून ठेवले जातात, आणि प्रत्येकीचा टाका वेगळा असल्यामुळे जोडलेल्या गोधडीवर कोणाचा हात कुठे फिरला हे ओळखता येते, याचे मला फार मोल वाटते. आता आम्ही पुन्हा दर शनिवारी भेटतो; सध्या बाळंतिणींसाठी दुपटी शिवत आहोत.