कांदा माझा, भाव दिल्लीचा

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने एका नोटिफिकेशनने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात भाव धाडकन खाली आले. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा, तो काय उन्हाळी कांद्यासारखा कांदाचाळीत महिनोनमहिने टिकत नाही, म्हणजे निर्यात उघडेपर्यंत थांबून बघू असं म्हणायचीही सोय नाही, मिळेल त्या भावात विकायचा नाहीतर सडताना बघायचा. बियाणं शेतकऱ्याचं, मजुरी त्याची, कर्ज त्याच्या नावावर, पण माल कुणाला विकायचा ते मात्र सरकार ठरवणार! शहरात स्वस्त कांदा हवा असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा ना, शेतकऱ्याच्या खिशातून का?

शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९८० पासून हेच सांगत होते, भीक नको, हवे घामाचे दाम. आणि ज्याचा माल त्याचाच हक्क असं म्हणायचं सोडून आपण काय केलं, तर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला तो काढलाच, कुठल्याही मोठ्या पक्षाला तो परत आणावासा वाटत नाही. कांद्याची ती निर्यातबंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून, आणि मधल्या काळात मातीमोल गेलेल्या मालाची भरपाई कोण देणार ते अजून कुणी बोललेलं नाही.