तुम्ही विचारलंत म्हणून: हात चालतो, मग व्हायवात (तोंडी परीक्षेत) तोंड का अडतं?

परीक्षा जवळ आली की सर्जरीचे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) हमखास विचारतात, "ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) केस नीट होते, मग तीच व्हायवात सांगताना गाडी का अडकते?"

हाताला येणं वेगळं आणि तोंडाला येणं वेगळं. ओटीत सीनियर ट्रॅक्शन देतो (ऊतक ताणून धरतो), पुढची पायरी समोर आपोआप उघडत जाते, शब्द लागतच नाहीत. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण 'येतं' म्हणतो.

कौशल्य शिकवण्याची सर्जन पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत आहे. शिक्षक आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग थांबत थांबत समजावून करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक तसं करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी सांगत सांगत स्वतः करतो. ऑपरेशनची लिस्ट लांबलेली असली की गळते ती तिसरी पायरी. व्हायवा म्हणजे नेमकी तीच.

लॅप कोलीचंच (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचंच) घ्या. स्क्रब व्हायच्या (ऑपरेशनसाठी हात धुवायच्या) आधी पाच मिनिटं मोठ्याने बोला: पोर्ट (दुर्बीण आणि अवजारं घालायची छिद्रं) कुठे, फंडस (पित्ताशयाचा घुमटासारखा शेंडा) कुठे ओढायचा (वर, उजव्या खांद्याकडे), हार्टमन पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा) कुठे (खाली आणि बाहेर). मग मुख्य प्रश्न: क्लिप लावून कापण्याआधी काय दिसायला हवं? "सिस्टिक डक्ट आणि आर्टरी" (पित्ताशयाची नळी आणि धमनी) हे अर्धं उत्तर. हिपॅटोसिस्टिक त्रिकोणातली (पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांच्या मधल्या जागेतली) चरबी आणि तंतुमय ऊतक साफ झालेलं हवं, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हर बेडपासून (यकृताला चिकटलेल्या जागेपासून) सुटलेला हवा, आणि पित्ताशयात दोन, फक्त दोनच, रचना जाताना दिसायला हव्यात. तिन्ही का? ओढलेली कॉमन बाइल डक्ट (मुख्य पित्तनलिका) सिस्टिक डक्टसारखी दिसते आणि तीच कापली जाते. पुढचा प्रश्न ठरलेला: "नाहीच दिसलं तर?" इथे "डिसेक्शन चालू ठेवीन" म्हणणारा फसतो. थांबणं, सीनियरला बोलावणं, कोलॅन्जिओग्राम (पित्तनलिकांचा एक्स-रे), सबटोटल (पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाकीचं काढणं) किंवा ओपन करणं (पोट उघडून ऑपरेशन), हे पर्याय जिभेवर हवेत. एक्झामिनर तुमच्या हाताची सफाई बघत नसतो, तुमच्या हाती रुग्ण सोपवता येईल का ते बघत असतो.

केस संपली की ऑपरेटिव्ह नोट साचा न बघता आठवून लिहा. जिथे अडलात तेवढंच त्या रात्री वाचा. दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने तेच पुन्हा न बघता सांगा. अख्खा धडा परत वाचण्यापेक्षा हे जास्त टिकतं, त्रास मात्र होतो.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. केसच्या आधी रेसिडेंटला विचारा, "आज नेमकं काय शिकायचंय?" एकच गोष्ट ठरवा, उदाहरणार्थ डाव्या हाताचं ट्रॅक्शन. स्किन क्लोजरच्या (शेवटी त्वचा शिवण्याच्या) वेळी दोन मिनिटं फक्त त्यावर बोला. पूर्ण केसभर चाललेल्या सूचनांतलं फारसं काही उरत नाही.

गाठींचा सराव बोलता बोलताच होतो. खुर्चीच्या हाताला दोरा बांधा आणि व्हायवाची उत्तरं देत रीफ नॉट (चौकोनी गाठ) मारत राहा. गाठ सरकली तर बहुधा दोन्ही फेरे एकाच दिशेने पडलेले असतात, किंवा एक टोक ताणून धरल्यामुळे चौकोनी गाठीऐवजी नुसते हाफ हिच (एका ताणलेल्या दोऱ्याभोवतीचे वेढे) बसलेले असतात.