माशापासून मागे मोजत

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, रात्र

हिमाचलात ट्राउट माशाच्या मासेमारीची बंदी १ नोव्हेंबरला लागते ती फेब्रुवारीअखेर उठते. आता थोडेच दिवस उरलेत. तीर्थन नदीचं पाणी डोळ्यापुढे आहे, आणि खोलीत जुन्या चादरीवर फ्लाय-फिशिंगचं सगळं सामान मांडलंय: रॉडचे चार तुकडे, रील, लाईन, फ्लायच्या (गळावर बांधलेल्या पिसांच्या नकली किड्यांच्या) डब्या, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), बूट. साफसफाईला बसलं की तो प्रश्न येतोच. नवखे सगळ्यात आधी तोच विचारतात: महागडं सामान घेण्यात अर्थ आहे का? एक रॉड हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि दीड-दोनशे डॉलरमध्ये रॉड, रील, लाईन असा पुरा संच येतो. इतक्या फरकात मिळतं तरी काय?

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. मासा जिथे आहे तिथून मागे मोजत यायचं. आधी गळ, मग टिपेट, लीडर (लाईनच्या पुढचा निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा), लाईन, रॉड आणि शेवटी रील. माशाच्या जितकं जवळ, तितकं ते मोलाचं, आणि नशिबानं तितकंच स्वस्त. दुकानात मात्र मांडणी उलटी असते. रील काचेच्या कपाटात दिव्याखाली, आणि टिपेट कुठेतरी गल्ल्यापाशी खिळ्याला टांगलेलं.

लाईन रॉडहून मोलाची का, ते कोकणात गरवणाऱ्याला चटकन कळेल. गरीला शिसं बांधलं की शिसं दोरा ओढत नेतं. दोऱ्याला स्वतःचं वजन नसलं तरी चालतं. फ्लायचं याच्या नेमकं उलट आहे. १४ नंबरच्या बारीक गळावर चार पिसं आणि सशाच्या केसांचा फुगारा, त्याला वजन असून किती असणार? ती फ्लाय हवेतून नेते ती जाड, वजनदार लाईन. रॉड वाकतो तोही लाईनच्याच वजनानं. म्हणून या खेळात लाईन हे हत्यार आणि रॉड त्याचा दांडा.

आधी गळ बघतोय. स्वस्त फ्लाय दिसायला सुरेख असतात, घात करतो तो आतला गळ. परीक्षा सोपी आहे. गळाचा वाक पाटाच्या कडेला अडकवायचा आणि पक्कडीनं दांडी ओढायची. चांगल्या पोलादाचा गळ किंचित उघडतो आणि सोडला की जागेवर येतो. मऊ असला तर उघडाच राहतो, फार कडक भाजलेला असला तर कट्कन तुटतो. मग टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवायचं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर बारीक कानस दोनदा फिरवायची. टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं चपटा करून टाकायचा, म्हणजे मासा फारशी इजा न होता सुटतो, आणि गळ आपल्याच कानात घुसला तर तोही सुटतो. डोक्याजवळच्या दोऱ्यावर वार्निश नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या माशाला फ्लाय उसवते. घरी नेलपॉलिशचा पारदर्शक थेंब दिला तरी भागतं.

टिपेट म्हणजे लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक तुकडा. त्याची जाडी एक्समध्ये मोजतात. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे हजारांश मिळतात. ५एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. कोणत्या फ्लायला कोणतं टिपेट? गळाच्या नंबराला तीननं भागायचं. १४ नंबरला ५एक्स, १८ला ६एक्स. फार जाड घेतलं तर फ्लाय पाण्यावर ताठ ओढली जाते आणि ट्राउट तोंड फिरवतो. फार बारीक घेतलं तर फेकताना ते फ्लायभोवती पिळतं. पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला साधं नायलॉन घ्यावं. महागडं फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बरंच जड असतं, ते बुडतं आणि छोट्या फ्लायला खाली ओढू बघतं. तळाशी फिरवायच्या निम्फला (पाण्यातल्या अळीसारख्या फ्लायला) मात्र ते उत्तम, शिवाय खडकावर घासलं तरी टिकतं. म्हणजे इथे महाग आणि चांगलं ही एकच गोष्ट नाही.

गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉन तिथेच कमजोर होतं. मासा सुटल्यावर तुटलेलं टोक जरूर बघावं. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली, सरळ कापल्यासारखं असेल तर टिपेट तुटलं.

आता लाईन. आजचा अर्धा वेळ हिच्यातच गेला, आणि ते योग्यच आहे.

अमेरिकेतल्या मासेमारीचं सामान बनवणाऱ्यांच्या संघटनेनं १९६१मध्ये लाईनचे नंबर ठरवले. पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजायचं: ४ नंबरला १२० ग्रेन, ५ला १४०, ६ला १६०, ८ला २१०. १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. रॉडवर ५ लिहिलं असेल तर त्याला ५ची लाईन, हिशेब सरळ होता. आता तसा राहिलेला नाही. रॉड दिवसेंदिवस कडक होत गेले, म्हणून बऱ्याच लाईन अर्धा किंवा पूर्ण नंबर जड बनवतात आणि खोक्यावर ५च छापतात. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्यावा, टोकाचा एकसारख्या जाडीचा छोटा भाग सोडून ३० फूट मोजावेत आणि गुंडाळी काट्यावर ठेवावी. रॉड वाईट आहे अशी तक्रार असते तिथे पुष्कळदा लाईनचाच नंबर चुकलेला निघतो. स्वस्त रॉडवर चांगली लाईन घातली तर रॉड सुधारल्यासारखा वाटतो. चांगल्या रॉडवर रद्दी लाईन घातली तर तो रॉड वायाच.

तरंगणाऱ्या लाईनच्या आत विणलेला गाभा असतो, वर पीव्हीसीचं वेष्टण, आणि त्या वेष्टणात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे. त्यांच्यामुळे ती तरंगते. आज बोटांच्या चिमटीतून लाईन सरकवत नेली तर पहिल्या दहा-बारा फुटांत बोट खरखरीत लागतं. तिथे चिकटलेलं शेवाळ आहे आणि अगदी बारीक भेगा आहेत. भेगेतून पाणी गाभ्यात झिरपतं आणि टोक बुडायला लागतं. मग लाईन उचलताना सळ्ळकन आवाज होतो आणि डोहातले मासे दबकतात. भेगा टोकाशीच असतील तर चार-सहा इंच कापून नेल नॉट या गाठीनं लीडर नव्यानं बांधला की काम होतं. मधेही असतील तर लाईन बदलायचीच. दोन्ही टोकांना सारखी निमुळती असलेली डबल टेपर लाईन घेतली तर एक बाजू झिजल्यावर उलटी करून वापरता येते. छोट्या नदीवर लांब फेक लागतच नाही, तिथे ही काटकसर खरोखर कामाची आहे.

साफ करायची रीत: कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, दहा मिनिटं भिजवणं, मऊ सुती फडक्यातून दोनदा ओढणं, मग स्वच्छ पाणी. सुकल्यावर लाईनसाठीच मिळणारं तेल फडक्यावर घेऊन एक हात. डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हातानं लाईनला शिवू नये, वेष्टण विरघळतं. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलेली लाईनही अशीच मरते.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट कुणी सांगत नाही. लाईन थंड पाण्याची वेगळी आणि उष्ण पाण्याची वेगळी. थंड पाण्यासाठी केलेली लाईन कोकणातल्या मे महिन्यात लिबलिबीत होऊन रॉडच्या कड्यांना चिकटते. उष्ण पाण्याची लाईन बर्फ वितळून आलेल्या तीर्थनमध्ये तारेसारखी वेटोळी घेऊन बसते. दोन्हीकडे जायचं असेल तर दोन लाईन घ्याव्यात आणि त्या पैशासाठी रॉड खालच्या दर्जाचा घ्यावा. हे मी ठामपणे सांगेन.

रॉडबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं तर महाग रॉडमध्ये खरंच काहीतरी असतं. १९७३मध्ये ग्राफाइटचे रॉड बाजारात आले, तेव्हापासून दर पिढीत तंतू अधिक ताठ आणि भिंत अधिक पातळ होत गेली. त्यामुळे टोक हलकं राहतं. दिवसभर फेकून मनगट भरून येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हात थांबला की टोकही थांबतं. स्वस्त रॉडचं टोक थरथरत राहतं, ती थरथर लाटेसारखी लाईनमध्ये उतरते, आणि फ्लाय हातभर बाजूला पडते. पंधरा-वीस मीटरवर, आडव्या वाऱ्यात, हा फरक डोळ्यांना दिसतो.

पण तीर्थनवर मासा पाच-सात मीटरवर, खडकामागच्या शांत पाण्यात असतो. तेवढ्या अंतराला लीडर सोडला तर कड्यांबाहेर लाईन थोडीच असते, म्हणजे त्या १४० ग्रेनमधले फार तर निम्मे. हजार डॉलरचा कडक रॉड तेवढ्यानं वाकतच नाही. तिथे ८ किंवा साडेआठ फुटी, ४ नंबरचा, मध्यम लवचीक, मधल्या किमतीचा रॉड जास्त सुखाचा. ताठ तंतू आणि पातळ भिंत यांची आणखी एक किंमत मोजावी लागते. पितळी किंवा टंगस्टनचा मणी असलेली निम्फ फेकताना रॉडवर आपटली तर बारीक चीर पडते, ती दिसत नाही. काही आठवड्यांनी माशाच्या ओढीत रॉड तिथेच तुटतो आणि दोष कारागिरीला जातो.

महाग रॉडच्या किमतीत पुढच्या दुरुस्तीची हमीही मिसळलेली असते. अमेरिकेत राहणाऱ्याला ती लाखमोलाची आहे. भारतातून तुटलेला तुकडा पाठवायचा, कुरिअर, कंपनीचं हाताळणी शुल्क, परत येताना सीमाशुल्क, आणि तोवर हंगाम संपलेला. ज्या रॉडचा टोकाचा तुकडा सुटा विकत मिळतो तो आपल्याला बरा.

जोडाकडेही बघायला हवं. तुकडे जोडताना पाव फेरा तिरपे धरून, ढकलत ढकलत सरळ करायचे. नर जोडावर मेणबत्तीचं साधं मेण चोळायचं आणि तासाभरानं पुन्हा दाबून बघायचं. सैल जोडावर फेकत राहिलं तर वरच्या तुकड्याचं तोंड फाटतं. कड्या तपासायला कान साफ करायची कापसाची काडी आतून फिरवतो. धागा अडकला तर तिथे खाच आहे, आणि ती खाच नवी लाईन एका हंगामात खाते.

ट्राउटच्या नदीत रील म्हणजे लाईन ठेवायची जागा. ब्रेक बोटांनी आणि तळहातानं लागतो. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातून काढलेली, मधल्या किमतीची रील घ्यावी एवढंच. अगदी स्वस्त ओतीव रील दगडावर पडली की चौकट वाकते आणि चाक घासायला लागतं.

खाडीत मात्र हे गणित पूर्ण उलटं होतं. जिताडा किंवा तांबोशी लागली की ती थेट कांदळवनाच्या मुळांत शिरते, तिथे बोटांचा ब्रेक पुरत नाही. ८-९ नंबरचा रॉड, खारं पाणी आत न शिरणारा बंद ड्रॅग (रीलमधला ब्रेक), आणि ३० ते ४० पौंडांचा जाड फ्लुरोकार्बन तुकडा शेवटी हवाच. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार आणि कालवं, दोन्ही पातळ टिपेट क्षणात कापतात. इथे रीलवर केलेला खर्च वसूल होतो, अट एवढीच की घरी आल्या आल्या ती गोड्या पाण्यानं धुवायची आणि ड्रॅग सैल करून सुकवायची.

माशाकडून मोजण्याच्या हिशेबात एक गोष्ट बसत नाही: पाय. वितळत्या बर्फाच्या पाण्यात घसरणं जिवावर बेततं. म्हणून बूट आणि वेडर्स यांत हात आखडू नये. कमरेचा पट्टा घट्ट बांधलाच पाहिजे, नाहीतर पडल्यावर वेडर्समध्ये पाणी भरतं. फेल्टचे, म्हणजे नमद्याचे, तळवे निसरड्या दगडावर उत्तम धरतात, पण ते ओलसर राहतात आणि त्यांतून शेवाळं एका नदीतून दुसरीत जातं. न्यूझीलंडनं त्यांच्यावर २००८मध्ये याच कारणानं बंदी घातली. रबरी तळवा आणि टंगस्टनचे खिळे बरे. गोरटेक्स कापडाचे वेडर्स गळत असतील तर उलटे करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं. छिद्र असेल तिथे काळपट ठिपका उमटतो, त्यावर रबरी डिंकाचा थेंब द्यायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. आज डाव्या गुडघ्यावर असे दोन ठिपके सापडले.

पाण्यावरची चकाकी कापणारा पोलरॉइड चष्माही याच रांगेतला. तांबूस काच नदीला चांगली. मासा दिसला तरच फेक कुठे करायची ते कळतं.

चादरीवर आता टिपेटची जुनी रिळं तेवढी उरलीत. खरेदीचं साल पेनानं लिहून ठेवायला हवं होतं, दोनांवर आहे, एकावर नाही. उन्हानं नायलॉन कमकुवत होतं आणि वरून कळत नाही. हातभर तुकड्याला साधी गाठ मारून ओढलं, पुरती आवळण्याआधीच तुटला. रीळ टाकून द्यायचं, पण तसंच नाही. आधी कात्रीनं सगळं बोटभर तुकड्यांत कापायचं, म्हणजे कचऱ्याच्या ढिगावर कुठल्या साळुंकीच्या पायात ते गुंतणार नाही.