मारुती 800, नोंद 7: डावीकडची ओढ सापडली

गाडी चालवताना स्टिअरिंग आपोआप डावीकडे ओढलं जात होतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून आणलं, कागदावर सगळे आकडे मर्यादेत, आणि गाडी तरीही डावीकडेच. मग पुढचे दोन टायर आपसांत बदलले. टायरचा दोष असता तर ओढ उजवीकडे गेली असती, गेली नाही. हवा रोज सकाळी टायर थंड असताना मोजतोय, दोन्हीकडे सारखी. रस्त्याचा उतारही धरून पाहिला, पण उताराने गाडी सावकाश सरकते, हाताला अशी ओढत नाही.

आठवडाभर एक गोष्ट नजरेआड झाली होती. नवी मुंबईत नेरूळला सोसायटीतून निघताना गाडी सरळ असते. चार सिग्नल झाले की ओढ सुरू होते. अलाइनमेंट बिघडलं असतं तर ते गेटपासूनच जाणवलं असतं.

सिग्नलला लागतो तो ब्रेक, म्हणून संशय ब्रेकवर गेला. रविवारी पहाटे पाम बीच रोड गाठला. वाशीकडून महापालिका मुख्यालयाच्या दिशेने, मागे कुणी नाही हे पाहून, 40 च्या वेगात स्टिअरिंगवर बोटं नुसती टेकवून ब्रेक दाबत गेलो. ब्रेक दाबताक्षणी नाक जरासं उजवीकडे जायचं. पाय काढला की डावीकडे, आणि ती ओढ पुढे कितीतरी वेळ सुटायची नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. हे कळलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला, कारण दोन्ही दिशांचा उलगडा एकाच जागी होत होता: डाव्या पुढच्या चाकापर्यंत ब्रेक ऑइल उशिरा पोचतंय आणि उशिरा परततंय.

घरी येताच इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क (पॅड ज्यांना दाबून चाक थांबवतात त्या चकत्या) किती तापल्यात ते मोजलं. उजवी 58 अंश, डावी 131.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. गाडी घोडीवर घेतली, म्हणजे चाकं जमिनीवरून सुटली, बाबांनी ब्रेक तीन-चारदा दाबून सोडला. डावं चाक हाताने फिरेना. कॅलिपरच्या (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपलला, म्हणजे तेल बाहेर काढायच्या स्क्रूला, नळी लावून पाव आटा सैल केला, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. ही तपासणी चुकवू नका. निपल उघडूनही चाक अडकलेलंच राहिलं असतं तर पिस्टन किंवा स्लायडिंग पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो) जाम, म्हणजे कॅलिपर खोलायचा. मोकळं झालं, याचा अर्थ दाब आत कोंडला होता. आणि एकाच चाकाचा दाब कोंडतोय म्हणजे पहिला संशय त्या चाकापर्यंत तेल नेणाऱ्या रबरी होज पाइपवर.

होज बाहेरून अगदी धडधाकट होता, एक चीर नाही. काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून मऊ पडलं होतं आणि एका जागी पापुद्रा सुटून वाटेत आला होता. शिवणाची सुईसुद्धा अडखळत गेली. ब्रेक दाबताना मागे पायाचा जोर असतो, त्यामुळे तेल तिथून रेटून जातं. परत येताना मात्र पिस्टनला मागे घेणारं फक्त कॅलिपरच्या रबरी सीलचं ताणलेपण असतं. तेवढ्या जोरावर तेल त्या फटीतून परत येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात आणि डिस्क तापते.

दोन्ही बाजूंचे होज बदलले. उजवाही त्याच वयाचा, त्याला ठेवून उपयोग नाही. डावे पॅड तापून काचेसारखे चकचकीत झाले होते, म्हणून पॅडची जोडीही नवी. तेल पूर्ण नवं भरलं. ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढताना बाबा आत, मी खाली: ‘दाबा... धरून ठेवा... सोडा.’ पाय दाबलेला असतानाच निपल बंद करायचा, नाहीतर हवा परत आत जाते. पत्र्यावर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

काल संध्याकाळी तोच रस्ता, तसेच ब्रेक. डावी डिस्क 61, उजवी 59. ब्रेक दाबताना सरळ, सोडल्यावर सरळ. पुढच्या रविवारी मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडतोय. तिथल्या होजचंही वय तेवढंच आहे.